पॉइंट्सचे माइल्स करा म्हणे!

डोकं फिरलंय नुसतं. कंपनीच्या कामाला मुंबई-पुणे करून करून हॉटेलचे पॉइंट्स साठले होते, आता फोंड्याच्या माणसाने त्यांचं करायचं काय? गोव्यातल्याच हॉटेलात जाऊन झोपायचं, घर सोडून? म्हणून म्हटलं माइल्स करू, म्हणजे एअरलाइनचे पॉइंट्स, ज्यांच्यावर विमानाचं तिकीट निघतं, आणि लेकीला बंगळूरहून गणेश चवथीला आणू, त्या आठवड्यात तिकिटं कुठे जातात ते गोंयकाराला सांगायला नको.

पहिली लूट रेटमध्ये. माझ्या चेनचं नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. मॅरियटकडे बहुतेक एअरलाइन्सना 3 पॉइंटला 1 माइल, हिल्टनकडे 10 ला 1, म्हणजे 10,000 घाला आणि 1,000 घ्या, त्यात येतं काय तर घंटा! मॅरियटचं अजून एक, एकदम 60,000 घातले तर बऱ्याच एअरलाइन्सवर 5,000 बोनस धरून 25,000 होतात, पण थोडेथोडे घालणारा मेला, त्याला बोनस नाही. आणि एकदा बटन दाबलं की परत घेणं नाही. म्हापशाच्या बाजारातली मासेवाली निदान बांगड्याचे कल्ले उचलून दाखवते हो, इथे आधी पैसे द्या, मासा नंतर बघू.

बरं, दाबलं बटन. पॉइंट्स त्याच क्षणी कट. माइल्स? पत्ता नाही. हॉटेलवाले म्हणतात आम्ही पाठवले, एअरलाइनवाले म्हणतात आमच्याकडे आलेच नाहीत, आणि दोघांचं ते टुंगटुंग म्युझिक ऐकून कान किटले. शेवटी कळलं काय, तर नाव जुळत नाही! एअरलाइनच्या अकाउंटला पासपोर्टप्रमाणे देसाईत दोन एस, आणि हॉटेलचं अकाउंट काढलं ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कवाल्याने, तो बाहेरचा, त्याने एकच एस घातला. गोव्यात कितीतरी देसायांचे दोन एस असतात, पोर्तुगीजांच्या वेळचं स्पेलिंग ते. तर म्हणे नाव बदलल्याचा पुरावा पाठवा. अरे बदललंय कोणी मरे? आजोबांपासून हेच आहे! पासपोर्ट पाठवला, पॅन पाठवलं, तर मेल येतो की फोटो ब्लर आहे. परत पाठवला. मग तक्रारीचा नंबर बदलला आणि नव्या माणसाला पहिल्यापासून रामायण सांगा.

माइल्स आले एकदाचे, तोवर चवथ तोंडावर. डायरेक्ट फ्लाइटला माइल्सवर एकही सीट नाही. पैसे भरून हव्या तेवढ्या, बरं का! माइल्सवर काय तर मुंबईवरून फिरून मोपाच्या विमानतळावर उतरायचं, त्याला माइल्स जास्त, टॅक्स वेगळा कॅशमध्ये, आणि मोपा पार पेडण्यात, तिथून फोंड्यापर्यंतच्या टॅक्सीचे पैसे परत वेगळे. आमच्या अंगणात दाबोळीचा विमानतळ असताना!

पोर शेवटी स्लीपर बसने आली, अनमोडच्या घाटात उलट्या करत.

आणि माइल्स पडून आहेत. परत पॉइंट्स होत नाहीत, तिकिटाला पुरत नाहीत, वर एक्सपायरी डेट. काल कस्टमर केअरवाली गोड आवाजात सांगते, सर, कमी पडत असतील तर तुम्ही माइल्स विकत घेऊ शकता. विकत?! माझे पॉइंट्स गिळून वर मलाच विकताय?