लेखक व्हायचंय? आधी ग्लास भरा

तुम्हाला लेखक व्हायचंय ना, मग वाचन, सराव वगैरे कटकटी नंतर बघू, आधी प्यायला लागा. व्याकरण काय कोणीही शिकतं हो, पण रात्री तीनला जुन्या मित्राला फोन लावून 'तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस' म्हणत रडायला प्रतिभाच लागते.

कोणी टोकलंच तर अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे पुढे करायचा. 'पिऊन लिहा, शुद्धीत तपासा' असं तो म्हणालाय म्हणून ठणकावून सांगा. तो असं कधी म्हणाल्याचा पुरावा सापडत नाही, उलट गडी उजाडल्या उजाडल्या लिहायला लागायचा, बऱ्याचदा उभ्यानं, आणि प्यायचं काम नंतर. पण हे कशाला उगाच सांगत बसायचं? पहाटे उठण्याचा भाग गाळा, उरलेला हेमिंग्वे तसाच वापरा.

मग पिणाऱ्या लेखकांची यादी. फिट्झगेराल्ड ४४व्या वर्षी गेला, मंटो ४२व्या, डिलन थॉमस ३९व्या. हे म्हणताना आवाज जरा घोगरा ठेवा, भारी इफेक्ट येतो. थॉमस शेवटी शेवटी म्हणे सलग १८ व्हिस्क्या प्यायलो म्हणून सांगत होता, तो आकडा पाठ करा, त्याची एकही कविता पाठ नसली तरी चालतंय. मंटो बिचारा दारूला पैसे हवेत म्हणून कथा लिहून द्यायचा. तुम्ही एवढे कष्ट घेऊ नका, तिसऱ्या पेगला अख्खी कादंबरी टेबलावर सांगून टाका, सगळे वा वा करतात आणि मग लिहायची गरजच उरत नाही. स्टीफन किंगला त्याची 'कुजो' ही कादंबरी लिहिल्याचं फारसं आठवत नाही, हे त्यानंच लिहून ठेवलंय. तुमचं त्याहून सोपं, लिहिलंच नाही तर आठवायचं काय!

अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचं नाव मात्र चुकूनही काढू नका. १९७७ च्या जूनमध्ये यानं दारू सोडली आणि त्याचं 'कॅथीड्रल' हे कथांचं पुस्तक त्यानंतर आलं, १९८३ मध्ये. असली माणसं मैफिलीचा मूड घालवतात.

आणि हो, हे सगळं पुरुषांसाठी बरं का. जीन ऱ्हीस, मार्गरीत द्यूरास या लेखिकांनीही भरपूर प्यायली, पण बाई प्यायली की लोक आधी पोरं कोण सांभाळतं ते विचारतात, पुस्तकाचं नंतर बघू.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात एक शुद्धीतलं माणूस हवंच, शक्यतो बायको. लाइटचं बिल भरायला, उलटी पुसायला, तुमची चार पानं टाइप करायला, प्रकाशकाचा फोन आला की 'त्यांना जरा बरं नाहीये' म्हणायला. पुढे तुमच्या चरित्रात ती एका ओळीत येईल, 'पत्नीची खंबीर साथ लाभली'. ती ओळ आत्ताच चरित्रकाराला देऊन ठेवा, कारण उद्या तीच लिहायला बसली तर तिच्याकडे मटेरियल तुमच्यापेक्षा जास्त आहे, आणि तिला सगळं आठवतंय.