समतेची फाईल : नव्या विभागप्रमुखांस काही अनुभवी सूचना

सर्वप्रथम आपले अभिनंदन. आपण विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाचे प्रमुख झालात, म्हणजे काचेचे टेबल, काचेखाली सुट्ट्यांची यादी, दारावर पितळी पाटी आणि दाराबाहेर ताटकळणारे संशोधक विद्यार्थी असा सगळा सरंजाम आपल्याकडे आपोआप चालत आला आहे. ही खुर्ची मी स्वतः काही वर्षे उबवली आहे. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण माझ्या निवृत्तिवेतनाचे काही कागद तिथे अजून अडकलेले आहेत. कार्यभार सोपवताना मी माझ्या वारसाला किल्ल्यांचा जुडगा आणि डेड स्टॉकची नोंदवही दिली. खरी विद्या मात्र तोंडी द्यायची असते, ती द्यायची राहून गेली. ती अशी की, समतेला विरोध करण्याच्या फंदात कधीही पडू नये. विरोध केला की बातमी होते, बातमीमुळे चौकशी समिती नेमावी लागते, आणि त्या समितीच्या चहापाण्याचे बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचे यावर लेखा विभाग पुढचे सहा महिने काथ्याकूट करतो. त्यापेक्षा समतेचे स्वागत करावे, तिला हार घालावा, तिच्या नावाची एक फाईल उघडून तिला क्रमांक द्यावा आणि ती फाईल कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, जिथे शिडीशिवाय हात पोहोचत नाही, अशा सन्मानाच्या जागी ठेवावी.

फाईल उघडण्यास आधार भक्कम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्येच उच्च शिक्षणसंस्थांतील समतेसाठी विनियम काढून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. कक्ष म्हटला की खोली आली, आणि खोली म्हटली की जागेची अडचण आली. तेव्हा जिन्याखाली जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात तिथेच एक फलक लावून घ्यावा. फलक मोठा असावा, कारण नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, समितीला गठ्ठे दिसता कामा नयेत. नॅकच्या मूल्यांकनात सहावा निकष कारभार, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचा, तर लिंगसमभावाचा विषय सातव्या निकषात येतो. त्यामुळे दोन्हींचे छायाचित्र एकाच कार्यक्रमात काढून घेता येते, हे फार थोड्या विभागप्रमुखांच्या लक्षात येते. कक्षाचा विभागीय समन्वयक नेमताना मात्र चोखंदळ राहा. ज्या सहकाऱ्याची कॅसची, म्हणजे बढतीच्या स्थाननिश्चितीची, फाईल आपल्या शिफारशीसाठी अडली आहे आणि जो शक्यतो राखीव जागेवर नेमलेला आहे, तोच या कामास सर्वांत योग्य. तो बोलणार नाही, आणि न बोलण्याचे श्रेय त्याच्याच समाजाच्या खात्यावर जमा होईल.

आता प्रवेशाकडे वळू. आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. या साध्या अंकगणितात आपली निम्मी जबाबदारी संपते, कारण विभागातील मंजूर पदे भरलीच नाहीत तर मार्गदर्शक नाहीत, मार्गदर्शक नाहीत तर जागा नाहीत, आणि जागाच नसतील तर अन्याय नेमका कोणावर झाला हे सिद्ध करण्याची सोयही उरत नाही. शिकवण्याचे काम तासिका तत्त्वावरचे तरुण करतीलच. त्यांतल्या पुष्कळांकडे पीएच.डी. असते, पात्रता परीक्षांतली नेट असते, सेट असते; नसते ती फक्त कायमची नेमणूक, आणि पूर्णवेळ नियमित नेमणूक नसल्यामुळे त्यांना मार्गदर्शक होता येत नाही. हा चक्रव्यूह आपण रचलेला नाही, तेव्हा त्याबद्दल हळहळ व्यक्त करण्यास हरकत नाही.

तरीही काही जागा उरतातच, आणि मग मुलाखत घ्यावी लागते. विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भारांश असतो. हे 30 टक्के म्हणजे आपल्या परंपरेचे शेवटचे आश्रयस्थान समजावे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने नेमलेल्या प्रा. अब्दुल नाफे समितीने 2016 मध्ये तोंडी परीक्षेच्या गुणांत भेदभावाचा कल दिसतो असे दाखवून तिचा भारांश 30 वरून 15 वर आणण्याची शिफारस केली होती. अशा समित्यांचे अहवाल विभागाच्या ग्रंथालयात ठेवू नयेत, विद्यार्थी वाचतात.

मुलाखतीत उमेदवाराला जात विचारणे हा अडाणीपणा झाला. सुसंस्कृत रीत अशी : आधी म्हणावे, "पूर्ण नाव सांगा." मुलगी भीतभीत नाव आणि वडिलांचे नाव सांगते आणि आडनावापाशी किंचित थांबते. आडनाव गावावरून पडलेले असले तर आपला हिरमोड होतो, म्हणून हसऱ्या चेहऱ्याने पुढचा प्रश्न करावा, "मूळ कुठले तुम्ही?" तिने तालुका सांगितला तर, "नाही, गावात घर कुठल्या बाजूला?" एवढ्यावर काम होते. मग संशोधनाचा आराखडा इंग्रजीतून थोडक्यात मांडायला सांगावे. ती मराठी माध्यमाची असेल, विषय तिच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळागळतीचा असेल, आणि त्यातले तिला आपल्यापेक्षा दहापट अधिक माहीत असेल. पण 'मेथडॉलॉजी' हा शब्द उच्चारताना ती अडखळते की नाही, याकडे आपले लक्ष असावे. अडखळली की समितीने एकमेकांकडे पाहावे. शेजारच्या सदस्याने बिस्किटाची बशी पुढे सरकवावी, म्हणजे मुलाखत संपल्याचे तिला आपोआप समजते. नोंदवहीत एकच वाक्य लिहायचे, "योग्य उमेदवार आढळला नाही." भारतीय विद्यापीठांनी घडवलेल्या गद्यात याहून नेटके वाक्य मला तरी आढळलेले नाही. त्यात कर्ता नाही, कारण नाही आणि पुरावाही लागत नाही.

एवढे करूनही एखादी व्यक्ती आत आलीच, तर घाबरून जाऊ नये. खरा कारभार यापुढे सुरू होतो आणि तो मार्गदर्शकाच्या हाती असतो. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची; मार्गदर्शकाची विद्यार्थ्यावरची सत्ता त्याहून लांबू शकते, कारण पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे दिलेली आहेत आणि मुदतवाढीची गोष्ट वेगळीच. या काळात सहा महिन्यांनी येणाऱ्या प्रगती अहवालावरची सही ही जगातील सर्वांत मौल्यवान सही होय. ती मिळवण्यासाठी विद्यार्थी सरांच्या मुलाला दहावीचे गणित शिकवतात, पाहुण्यांना पहाटेच्या गाडीवरून घेऊन येतात, गॅस सिलिंडरसाठी घरी थांबतात, आणि स्वतःच्या शोधनिबंधावर स्वतःचेच नाव दुसरे घालतात. यात आपण विभागप्रमुख म्हणून लक्ष घालणे अयोग्य, कारण गुरु-शिष्य परंपरा ही आपली सांस्कृतिक ठेव आहे. शिवाय सिलिंडर प्रत्येक विद्यार्थ्याला आणायला सांगत नाहीत, हेही निरीक्षणाने कळते. कोणाला सरांच्या घरी दिवाणखान्यात बसवतात आणि कोणाला मागच्या दाराने स्वयंपाकघराकडे पाठवतात, याचा तक्ता कुठल्याच समितीने मागितलेला नाही.

छात्रवृत्तीच्या बाबतीत तर आपल्याला काहीच करावे लागत नाही; काही न करण्यातच सगळे आले. बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), महाज्योती (इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी) या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थी आझाद मैदानात उपोषणाला बसतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेच असेल. पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा आशयाचा प्रश्न 2023 च्या डिसेंबरात खुद्द राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात विचारला होता, तेव्हा वरचे धोरण आणि आपला आळस यांत कमालीचा सुसंवाद आहे. आपण फक्त घरभाड्याच्या दाखल्यावर तारीख नाही, उपयोगिता प्रमाणपत्रावर गोल शिक्का आहे पण लांब शिक्का नाही, अशा त्रुटी काढून कागद एकेक करून परत करावेत. सगळ्या त्रुटी एकदम सांगू नयेत. एकदम सांगितल्या तर विद्यार्थी त्या एकदम पूर्ण करतो.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण भाषणात उपयोगी पडेल. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 9 मे 1916 रोजी तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले, म्हणजे तो निबंध लिहायला निघालेल्या विद्यार्थ्याला त्या योजनेतून जहाजाचे तिकीटही मिळाले नसते. हा तपशील भाषणात सांगू नका. भाषणात नुसते "फुले-शाहू-आंबेडकरांच्या या महाराष्ट्रात" एवढे म्हणून थोडे थांबावे, टाळ्या येतात. 14 एप्रिलला हार घालावा, 15 तारखेला त्रुटीचे पत्र काढावे. दोन्हींचे जावक क्रमांक लागोपाठचे आले तर कार्यालयाची कार्यक्षमताही दिसते.

विद्यार्थिनींविषयी आपले धोरण कौतुकाचे असावे. विभागाच्या प्रत्येक कार्यक्रमात स्वागतगीत, रांगोळी आणि सूत्रसंचालन त्यांच्याकडे द्यावे आणि त्यालाच नेतृत्वविकास म्हणावे. मुलाखतीत मुलाला विषय विचारावा, मुलीला लग्न विचारावे. नियमात स्त्रियांना पीएच.डी.च्या मुदतीत दोन वर्षांची सवलत आणि संपूर्ण काळात एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे, हे खरे. पण ती मागणाऱ्या विद्यार्थिनीला मार्गदर्शकाने "बघा, म्हणूनच मी मुली घेत नाही" एवढे सर्वांसमक्ष म्हटले की पुढच्या तीन जणी रजा न मागताच काम उरकतात किंवा काम सोडून देतात. अंतर्गत तक्रार समितीची सभा वर्षातून एकदा, तीही 8 मार्चला घ्यावी, म्हणजे गुलाबाची फुले एकाच खर्चात होतात.

राहता राहिली तक्रार. तक्रारपेटी प्रमुखांच्या दालनाच्या अगदी समोर, सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्याखाली बसवावी. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी, असे सांगावे. कोणी लेखी तक्रार दिलीच तर त्याला आत बोलावून खुर्ची द्यावी, चहा मागवावा आणि वडिलकीने म्हणावे, "बाळ, तुझं करिअर आहे पुढे." या वाक्यात धमकी आहे असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध होत नाही. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला 2016 मध्ये आणि मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी 2019 मध्ये आत्महत्या करून गेली. त्यांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 2012 चे विनियम कागदावरच राहिले, हे त्यांना मुले गमावून सांगावे लागले. या ठिकाणी मला काही विनोद सुचत नाही, तेव्हा पुढे जातो. त्या याचिकेच्या ओघात आयोगाने 2026 च्या जानेवारीत नवे विनियम आणले, आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन जुनेच चालू ठेवण्यास सांगितले. आपण जिन्याखालचा फलक उतरवण्याची घाई केली नसेल, तर खर्च वाचला.

शेवटी एक दिवस तीच मुलगी, ऊसतोडीच्या विषयाची (दुसऱ्या वर्षी मुलाखतीत निवडावी लागली होती; आरक्षणाच्या रोस्टरची तपासणी होती), आपल्या दारात उभी राहील आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज पुढे करील. त्या दिवशी आपल्या विभागाची खरी गती तिला दाखवा. ज्या कागदासाठी तिने चौदा फेऱ्या मारल्या त्याच्या सह्या करायला सर मीटिंगमध्ये असतात. पण ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा, लेखा विभाग आणि मार्गदर्शक अशा पाचही सह्या एका दुपारीत मिळतात, शिपाई स्वतः कागद घेऊन टेबलाटेबलांवर फिरतो आणि लांब शिक्काही सापडतो. कारण विचारू नका. अर्जात "घरगुती अडचण" असे तिनेच लिहून आणलेले असते. फक्त ग्रंथालयाचे एक पुस्तक तिच्या नावावर दिसत असेल तर विलंबशुल्क रोखीने भरून घ्या, आणि पावतीची दुसरी प्रत समतेच्या फाईलला लावा. शिडी शिपायाकडे आहे.