खुलासा : डोळ्यांपुढच्या काळ्या ठिपक्यांचा तो मेसेज चुकीचा आहे

"डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगले की डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) सुटलाच, दोन दिवसांत दृष्टी जाते" हा मेसेज परवा मीच इथे टाकला. तो चुकीचा आहे, माफ करा. माझ्या मावशीने तो वाचला आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तिच्या. एक डोळा झाकून पांढऱ्या भिंतीकडे बघायचं, मग दुसरा झाकायचा, दिवसभर हेच.

काल नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून तिचा पडदा कडेपर्यंत तपासला. शाबूत आहे. डोळ्यातला जेलीसारखा द्रव वयानुसार पातळ होतो, त्यातल्या तंतूंची सावली पडद्यावर पडते, तेच हे ठिपके. मायनस नंबर असेल तर लवकरही दिसतात. पहिल्यांदा दिसले की एकदा तपासून घ्यावं.

मात्र ठिपके अचानक खूप वाढले, विजेसारखं लखलखलं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासाही टाका.