खसखस, अरबी करार आणि ‘पाच मिनिटांत परदेशाचा कायदा’

गेल्या आठवड्यात जिंतूरहून आक्काचा फोन आला. तिचा धाकटा मुलगा एसी दुरुस्तीच्या कामावर दुबईला निघाला आहे आणि त्याच्या कराराचे कागद मी परभणीला मागवून घेतले होते. “आता तू कागद बघत बसू नको, मोबाइलवर समदं आलंय,” असे ती म्हणाली आणि तिने एक संदेश मला पाठवला. पुढच्या दोन दिवसांत तोच संदेश मला आणखी चौघांनी पाठवला. त्यांपैकी दोघे वकील आहेत, आणि मला खरा राग त्याचाच आला.

‘परदेशातील कायदा पाच मिनिटांत’ असे शीर्षक असलेल्या या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: कोणत्याही देशाचा कायदा मोबाइलवरच्या एआयला मराठीत विचारला की मिळतो, आखाती देशांत सगळीकडे एकच शरियतचा कायदा आहे, म्हणून एका देशाचा वाचला की बाकीच्यांचा कळतो, करार इंग्रजीत असला की पुरे, अरबी मजकूर नावापुरता असतो, भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी जवळ असली की कोणतेही औषध नेता येते आणि घरच्या खाण्याच्या पदार्थांना कुठेच बंधन नाही, आणि शेवटी, काही अडचण आलीच तर भारतीय नागरिकाला भारताचाच कायदा लागू असल्यामुळे दूतावास त्याला सोडवून आणतो.

औषधांचा आणि खाण्याचा मुद्दा मी आधी घेतो, कारण त्याची किंमत माझ्या भाच्याला विमानतळावरच मोजावी लागली असती. दिवाळीला पोरगा घरी नसणार म्हणून आक्काने त्याच्यासाठी अनारसे केले होते. अनारसा खसखशीवर थापतात आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. तो डबा त्याच्या बॅगेत भरून तयार होता आणि मसाल्यासाठी म्हणून पावशेर कोरडी खसखस वेगळी बांधून दिली होती. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास मनाई आहे, आणि सौदी अरेबियातही आहे. खसखस हे अफूच्या बोंडातले बी असून बोंडातल्या चिकाचा अंश तिला चिकटलेला राहू शकतो, म्हणून तिथली यंत्रणा तिच्याकडे अमली पदार्थाच्या नजरेने पाहते. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात अफूच्या झाडाच्या भागांची जी व्याख्या आहे, तिच्यातून बी स्पष्टपणे वगळलेले आहे. म्हणूनच परभणीच्या किराणा दुकानात खसखस उघड विकली जाते आणि ती गुन्ह्याची वस्तू असू शकेल हे आक्काच्या मनाला शिवतही नाही. आपल्या कायद्याने जे वगळले ते दुसऱ्याच्या कायद्यानेही वगळले असेल, असे धरून चालणे हीच परदेशी कायद्याच्या बाबतीतली सर्वांत घातक चूक आहे, आणि हा संदेश ती चूक नियम म्हणून शिकवतो.

औषधांचेही तसेच आहे. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे आपल्याकडे डॉक्टर सर्रास लिहून देतात. ट्रामाडॉल तर भारतातही २०१८ पासूनच अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले आहे. अमिरातीत ही दोन्ही नियंत्रित औषधे आहेत आणि ती स्वतःच्या वापरासाठी न्यायची असली तरी तिथल्या आरोग्य यंत्रणेची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. डॉक्टरची चिठ्ठी त्या अर्जाला जोडायची असते. चिठ्ठी म्हणजे परवानगी नव्हे. भाच्याच्या बॅगेत कंबरदुखीच्या गोळ्यांची जी पाकिटे होती, त्यांच्यामागे बारीक अक्षरात कोणते घटक छापले आहेत हे मी त्याला मोठ्याने वाचायला लावले. त्यांत ट्रामाडॉल नव्हते. मात्र ते आहे की नाही, हे त्या क्षणापर्यंत त्या घरात कोणी पाहिलेले नव्हते.

आता पहिला मुद्दा: कायदा शोधायचा कुठे? इथे मला माझ्याच व्यवसायातले एक कलम पुढे ठेवायचे आहे, कारण या प्रश्नाचे नेमके उत्तर आपल्या कायद्याने १८७२ सालीच देऊन ठेवले आहे. भारतातल्या न्यायालयाला भारतीय कायद्याची दखल आपणहून घ्यावी लागते, पण परदेशाचा कायदा हा न्यायालयापुढे वस्तुस्थितीचा प्रश्न असतो आणि तो पुराव्याने शाबीत करावा लागतो. त्यासाठी जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३८ ने एक कसोटी घालून दिली होती. एखाद्या देशाचा कायदा काय आहे हे ठरवताना, त्या देशाच्या सरकारच्या अधिकाराने छापलेल्या किंवा प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातला मजकूर आणि तिथल्या न्यायालयांच्या निर्णयांचे छापील अहवाल विचारात घेता येतात. त्याच अधिनियमाच्या कलम ४५ ने परकीय कायद्याबाबत तज्ज्ञाचे मत घेण्याची सोय केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही दोन्ही कलमे अनुक्रमे ३२ आणि ३९ या क्रमांकांनी कायम आहेत, आणि कलम ३२ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या प्रकाशनाची भर घातली आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनासुद्धा जो कायदा आपल्या मनाने किंवा ऐकीव माहितीने गृहीत धरता येत नाही, तो आपण एका उत्तरावर विसंबून गृहीत धरायचा, असे हा संदेश सांगतो. या कलमातून सामान्य माणसाने उचलायचा प्रश्न एकच आहे: समोर जो मजकूर दिसतो आहे, तो त्या देशाच्या सरकारने प्रसिद्ध केला आहे का?

एआयबद्दल माझी तक्रार तेवढीच आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. ते स्वतःच्याच देशाचा कायदा शोधत होते. कोणत्या कायद्याचे नाव शोधायचे हे कळण्यापुरता एआयचा उपयोग होतो, हे मी मान्य करतो. त्यापुढे मूळ मजकूर उघडावाच लागतो. आणि तो उघडणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, हेही मला नाइलाजाने कबूल करावे लागते. अमिरातीने आपले कायदे सरकारी पोर्टलवर अरबी आणि इंग्रजीत विनामूल्य ठेवले आहेत, कतारचे ‘अल मीझान’ आहे, सौदी अरेबियात मंत्रिमंडळाच्या तज्ज्ञ मंडळाचे संकेतस्थळ आणि १९२४ पासून निघणारे ‘उम्म अल-कुरा’ हे राजपत्र आहे, आणि कोणत्या देशात कामगारांसाठी कोणता कायदा आहे हे हुडकायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ‘नॅटलेक्स’ हा संग्रह आहे. सौदी कायदे हिजरी सनाने ओळखले जातात, त्यामुळे तिथला कामगार कायदा २००५ चा म्हणून शोधला तर चुकामूक होते. तो १४२६ चा आहे. निजामकालीन जमिनीच्या कागदावर १३५० फसली हा महसुली सन वाचून ते १९४०-४१ आहे हे ज्यांना ओळखता येते, त्या आपल्या भागातल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

सगळ्या आखातात एकच कायदा, हे विधान मराठवाड्यातल्या माणसाने पुढे पाठवावे याचे मला विशेष दुःख वाटते. महाराष्ट्र हे एक राज्य आहे, तरीही कुळाचा प्रश्न आला की पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा मुंबईचा कायदा, विदर्भाला १९५८ चा आणि आपल्याला १९५० चा हैदराबादचा कुळ कायदा लागू होतो, हे तलाठ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. मग सहा स्वतंत्र देशांचा कायदा एक कसा असेल? खाजगी क्षेत्रातल्या कामगारांसाठी कुवेतचा कायदा २०१० चा आहे, कतारचा २००४ चा आणि अमिरातीचा २०२१ चा. अमिरातीच्या पोटातही सात अमिराती आहेत, आणि दुबईचे आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र या विशेष क्षेत्राचा रोजगार कायदा तर २०१९ चा, स्वतंत्र आणि इंग्रजीतला आहे. घरकामासाठी जाणाऱ्या आपल्या बायाबापड्यांनी तर हे नीट ध्यानात घ्यावे की सौदी अरेबिया आणि अमिराती या दोन्ही ठिकाणी घरकामगारांना सर्वसाधारण कामगार कायद्यातून वगळलेले असून त्यांचे नियम वेगळे आहेत.

इंग्रजी कराराच्या मुद्द्यात जे अर्धसत्य आहे, ते या वित्त केंद्रासारख्या क्षेत्रांपुरते आहे. तिथे इंग्रजी मजकूर हाच कायदा असतो, अर्थात तिथेही फौजदारी कायदा देशाचाच चालतो. भाच्याची नोकरी अशा क्षेत्रात नाही. अमिरातीच्या सर्वसाधारण कायद्याखाली अरबी आणि दुसऱ्या भाषेतला मजकूर यांत विसंगती असेल तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. एजंटाने भाच्याला दिलेल्या इंग्रजी पत्रात पगार म्हणून १,८०० दिरहम असा एकच आकडा होता. अरबी प्रत मी परभणीतल्या एका अरबीच्या जाणकारांकडून ओळ न् ओळ वाचून घेतली, तेव्हा तिच्यात मूळ वेतन १,००० आणि उरलेले ८०० भत्ते अशी फोड निघाली. दरमहा हातात तेवढेच पैसे पडणार आहेत, म्हणून भाच्याला यात वावगे वाटले नाही. पण २०२१ च्या कायद्यानुसार नोकरी संपताना मिळणारी रक्कम मूळ वेतनावर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन या हिशेबाने. म्हणजे पाच वर्षांनी जे मिळेल ते १,८०० वर मोजले जाणार नाही, १,००० वर मोजले जाईल.

त्याच एजंटाने भाच्याला कायद्याचा म्हणून जो उतारा दिला होता, तो अमिरातीच्या १९८० च्या कामगार कायद्याचा होता. तो कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून बाद झाला आहे, आणि नव्या कायद्यातही त्याच वर्षी दुरुस्ती झाली. मजकूर सरकारी आहे याची खात्री पटल्यावर लगेच विचारायची गोष्ट ही, की तो आज लागू आहे का.

दूतावासाबद्दल फार लिहीत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार वकिलातीचे अधिकारी अटकेतल्या नागरिकाला भेटू शकतात आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करू शकतात; कलम ५५ नुसार त्यांनी स्वतःही त्या देशाचे कायदे पाळायचे असतात. तुरुंगाचे दार उघडण्याचा अधिकार त्यांना नाही. भारताचा फौजदारी कायदा परदेशातल्या भारतीयालाही लागू होतो हे खरे आहे, पण तो तिथल्या कायद्याशिवाय आणखी लागू होतो, त्याच्याऐवजी नव्हे. आपल्या कायद्याचा खरा उपयोग विमानात बसण्याआधी होतो: १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार एजंट नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो तसा आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते.

भाच्याने त्या पोर्टलवर एजंटाचे नाव शोधले, ते सापडले, आणि मूळ वेतनाचा आकडा वाढवून सुधारित प्रत पाठवावी असे त्याने कंपनीला लेखी कळवले आहे. उत्तर अजून यायचे आहे. आक्काने खसखशीची पुडी बॅगेतून काढून घेतली आणि ते अनारसे आम्ही परभणीतच खाल्ले.