तिसऱ्या माणसाची सोय

टूर कंपनीबरोबर फिरायला जाण्यात एक मोठं सुख असतं, आणि ते जाहिरातीत कुठेही छापलेलं नसतं. बस उशिरा आली, पोहे गार निघाले, खिडकीतून समुद्राऐवजी शेजारच्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसली, की नवराबायको एका सुरात टूर मॅनेजरला बोलतात. त्या एका सुरावर कित्येक संसार तरून जातात. टूर मॅनेजर पगार घेतो तो झेंडा धरण्याचा नव्हे, बोलणी खाण्याचा.

आमच्या ह्यांना हे कधीच पटलं नाही. "आपलं आपण जाऊ. कोणाच्या शिट्टीवर उठायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही," असं म्हणून त्यांनी निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात लॅपटॉप उघडला आणि एक्सेलची शीट मांडली. ह्यांची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. त्यामुळे शीटमध्ये तारीख, ठिकाण, भाडं, अंतर वगैरे सज्जन रकाने होतेच. शेवटी एक रकाना होता, 'जबाबदार व्यक्ती'. "म्हणजे काय?" मी विचारलं. "काही बिनसलं तर नंतर वाद नको," हे म्हणाले. त्यानंतर आग्नेय आशियात आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे तिथे तो रकाना आमच्या आधी पोचलेला असायचा.

सुरुवात बँकॉकपासून. ग्रँड पॅलेसच्या भिंतीशी कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ आम्हाला अदबीने म्हणाला, "आज पॅलेस बंद आहे, बौद्ध सण आहे. चला, टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो, फक्त वीस बात." टुकटुक म्हणजे तिथली रिक्षा, बात म्हणजे तिथला रुपया. ही फसवणूक जगजाहीर आहे. टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानात नेऊन सोडते, हेही ह्यांनी वाचलेलं होतं. पण वाचलेलं असं समोर उभं राहिल्याचा ह्यांना इतका आनंद झाला, की त्या माणसाला त्यांनी सोडलंच नाही. कुठला सण? कुठल्या तिथीला? सरकारी सुट्टी आहे का? बिचारा तिसऱ्या प्रश्नालाच पळायच्या बेतात होता. हे मात्र विजयी मुद्रेने फाटकाशी आले, आणि तिथल्या पहारेकऱ्याने हसतमुखाने त्यांच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. हाफ पँटवाल्यांना आत प्रवेश नाही.

समोरच्या फुटपाथवर अशा गुडघ्यांसाठी बाजारच भरलेला असतो. ह्यांनी हत्ती छापलेली, घोट्याशी चुणीदार, पातळ कापडाची विजार घेतली. एका पायावर सोंड वर केलेले हत्ती, दुसऱ्यावर खाली. "हाफ पँट कोणी सुचवली होती?" ह्यांनी आठवण करून दिली. मी 'सुटसुटीत घाला' म्हणाले होते. सुटसुटीत म्हणजे गुडघ्याच्या वर हा अर्थ ह्यांचा. रकान्यात दोघांची नावं गेली.

आत पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये १७८ चित्रांत अख्खं रामायण रंगवलंय. त्यांचं रामायण, रामकियेन. सोन्याच्या वर्खातली वानरसेना, वाड्याएवढा मोठा हनुमान, सगळं बघण्यासारखं. पण इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाच्या मत्स्यकन्या असलेल्या लेकीच्या, सुवर्णमच्छेच्या, तो प्रेमात पडतो, त्यांना मुलगाही होतो. ही गोष्ट मी फोनवर वाचून दाखवली, तेव्हा दर शनिवारी न चुकता मारुतीस्तोत्र म्हणणारे हे बराच वेळ एका खांबाला टेकून उभे होते. मग म्हणाले, "देश तसा वेश." हत्तीच्या विजारीत उभं राहून म्हणाल्यामुळे ते फार पटलं.

वाट फो नावाच्या देवळातला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या पाठीमागे भिंतीशी १०८ वाडगी मांडलेली आहेत, काँशाची. वीस बातला चिल्लर मिळते आणि प्रत्येक वाडग्यात एकेक नाणं टाकत पुढे जायचं. टण, टण, टण. शांत वाटतं, असं लोक म्हणतात. ऑडिटरबरोबर जाऊ नये. ह्यांची नाणी बरीच वाडगी शिल्लक असताना संपली, आणि चिल्लर कमी दिली गेली की एका वाडग्यात दोन पडली याचा तपास बुद्धाच्या पाठीशी उभं राहून झाला. माझ्या हातात तीन उरली होती, त्यामुळे संशय माझ्यावर.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. मी शाकाहारी, हे सोमवार आणि शनिवार सोडून सगळं खाणारे. थायलंडमध्ये भाजीतही माशांचा सॉस असतो आणि 'नो फिश' म्हटलं की तुकडे काढून सॉस ठेवतात. तारून नेलं ते पिवळ्या पताकांनी. लाल अक्षरांतली पिवळी पताका दिसली की तिथे 'जे' जेवण मिळतं. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, वर कांदा-लसूणही नाही. माझ्या सासूबाईंनी चातुर्मासात अख्ख्या घराला जे खायला घातलं, ते इथे लोक पैसे देऊन आनंदाने खात होते. हे मी ह्यांना म्हणाले. ते म्हणाले, "आईच्या हाताची चव नाही." आता यात जबाबदार कोण, ते मी विचारलं नाही.

समुद्र बघायला रायलेला गेलो. रायले बेट नाही, पण मागे चुनखडीचे असे कडे उभे आहेत की रस्ताच नाही. आओ नांगहून लांब शेपटीच्या होडीनेच जावं लागतं. शीटमध्ये होतं, 'बोट, १५ मिनिटे'. ओहोटी लागलेली असेल तर होडी किनाऱ्यापर्यंत येत नाही, याला शीटमध्ये रकाना नव्हता. चाकांच्या बॅगेची चाकं पाण्यात काही कामाची नाहीत. मांडीभर पाण्यात ह्यांनी बॅग डोक्यावर घेतली. हत्तीच्या विजारीत पाणी भरून तिचे दोन फुगे झाले, आणि होडीवाला पोरगा इतक्या मायेने हसला की त्याला बोलायचंही जिवावर आलं. तिसरा माणूस हाताशी होता, पण वापरता येईना.

तिथल्याच फ्रा नांग किनाऱ्यावर कड्याच्या पोटात एक गुहा आहे. फुलांच्या माळा, उदबत्त्या, रंगीत कापडं गुंडाळलेली. हे चपला काढून आत गेले, डोळे मिटून नमस्कार केला आणि म्हणाले, "बघ, इथेही महादेव. केवढ्या पिंड्या!" मी चष्मा पुसून नीट बघितलं. तिथले कोळी आपल्या नांग देवीला नवस फेडायला लाकडी लिंगं वाहतात. इथे लिंग म्हणजे आपण पिंडी म्हणतो ते नव्हे. शरीरशास्त्राला धरून कोरलेली, लहानमोठी, काही लाल रंग दिलेली. बाजूला दोन जर्मन मुली खुसखुसत फोटो काढत होत्या आणि मधोमध हे हात जोडून उभे. कानात सांगितल्यावर कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. पण हात लगेच सोडले नाहीत हे मान्य करायला हवं. बाहेर येऊन म्हणाले, "देवस्थान ते देवस्थान."

कंबोडियात आम्हाला खरा घोर लावला तो एका नोटेने. तिथे डॉलर सर्रास चालतात. डॉलरच्या आतली मोड रिएलमध्ये मिळते, साधारण चार हजार रिएलला एक डॉलर. मात्र नोट कोरी हवी. आमच्याकडच्या वीस डॉलरच्या एका नोटेला, तिच्यावर छापलेल्या अँड्र्यू जॅक्सनच्या झुलपांच्या बरोबर वर, कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती. टुकटुकवाल्याने ती उजेडाकडे धरली, चिरेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि दोन्ही हातांनी परत दिली. नूडल्सवालीने नुसतं बघूनच मान हलवली. हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, व्हेरी ब्यूटिफुल नोट. बट नो." हे प्रत्येक ठिकाणी इतर नोटांच्या मध्ये घालून ती खपवायचा प्रयत्न करत होते. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरमधली अशी मधली पानं शोधून काढलेला माणूस! आणि रोज रात्री एकच खटला: नोट ह्यांनी घडी घालताना फाटली, की मी पोटाशी बांधायच्या पिशवीला सेफ्टी पिन लावताना. पिनेने चीर पडत नाही, भोक पडतं, हा माझा बचाव. अपील अजून पडून आहे. नोट कपाटात आहे.

अंगकोर वाटचा सूर्योदय बघायला पहाटे साडेचारला निघायचं असतं. कोणाच्या शिट्टीवर उठायचं नाही म्हणून टूर सोडलेली माणसं आम्ही. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य कळसांच्या मागून उगवतो आणि उत्तरेकडच्या तळ्यात त्याचं प्रतिबिंब पडतं. तळ्याकाठी शेकडो माणसं फोन वर धरून उभी. एका दिवसाचं तिकीट माणशी ३७ डॉलर. आभाळ काळ्याचं करडं झालं, करड्याचं पांढरं झालं, आणि संपलं. सूर्य ढगामागून परस्पर ड्यूटीवर गेला. हे माझ्याकडे बघत होते. तारीख मी ठरवली होती.

पण नंतर जे बघितलं त्यापुढे तो सूर्योदय गेला खड्ड्यात. बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने हे देऊळ विष्णूसाठी बांधलं, आणि पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन कोरलंय, जवळजवळ ५० मीटर लांब. एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वासुकी. प्रत्येकाचा गुडघा त्याच कोनात वाकलेला, प्रत्येकाचा हात सापावर तसाच. देवांच्या बाजूला अगदी शेवटी शेपटी धरून एक दणकट वानर उभा आहे. ह्यांना तो कोण ते सांगावं लागलं नाही. मत्स्यकन्येपासून हरवलेला माणूस सापडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी मात्र वासुकीकडेच बघत राहिले. दोन्ही बाजूंनी ओढणारे एवढे, आणि ओढलं जाणारा एकटा. तो मध्ये नसता तर मंथन कसलं, नुसती मारामारी झाली असती. पुराणकारांनाही टूर मॅनेजरचं महत्त्व कळलं होतं.

व्हिएतनाममध्ये काही विशेष बिनसलं नाही. हनोईत मोटारसायकलींच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडण्याबद्दल लोक घाबरवतात. आम्ही कर्वे रोडवरची माणसं. एका चालीने चालत राहायचं, थांबायचं नाही, पळायचं नाही, लोंढा आपणहून दुभंगतो. कोणी 'ओ काका' म्हणून ओरडत नाही तेवढंच परकं वाटलं. होई आनला ह्यांनी शहाळंवालीला वीस हजार डोंगची (तिथलं चलन) नोट समजून पाच लाखाची दिली. दोन्ही निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह, फरक शून्यांचा. तिने ती नोट ह्यांच्या डोळ्यांसमोर हलवली, खळखळून हसली आणि परत केली. पंचवीसपट रक्कम! हे दिवसभर अस्वस्थ. फसवलं असतं तर निदान बोलता तरी आलं असतं.

शेवटी बालीला, उलुवाटूच्या देवळात ती वेळ आली. समुद्रावर तुटलेल्या सत्तर मीटर उंच कड्याच्या टोकावर हे देऊळ आहे, आणि तिथे माकडांचं राज्य. चष्मे, टोप्या, फोन सांभाळा, अशा पाट्या जागोजाग. ही माकडं चोर नाहीत, सावकार आहेत. चष्मा उचलतात, भिंतीवर जाऊन बसतात आणि खाऊ मिळेपर्यंत सोडत नाहीत. कुठल्या वस्तूला जास्त भाव येतो तेही त्यांना कळतं. साध्या क्लिपवर आणि फोनवर एकाच बोलीत सौदा होत नाही. हे पाटी नीट वाचायला म्हणून पुढे वाकले, आणि पाटीमागून एक हात आला.

पुढची दहा मिनिटं आमच्या सहजीवनातली सर्वांत एकदिलाची. हे डावीकडून, मी उजवीकडून. "अरे मेल्या, प्रोग्रेसिव्ह काचांचा आहे रे तो!" हे ओरडले. "लाज नाही वाटत, म्हाताऱ्या माणसाचा चष्मा घेतोस?" हे माझं. म्हातारा म्हटल्याचं ह्यांना त्या क्षणी लागलंसुद्धा नाही. माकड काडी चघळत शांतपणे ऐकून घेत होतं. तिथल्या रखवालदाराने फळाची एक पुडी दाखवली, माकडाने नापसंती दाखवली, दुसरी पुडी आली, मग चष्मा भिंतीवर ठेवून ते निघून गेलं. एक काडी वाकडी, काचेवर दाताचा ओरखडा. शीट तिथल्या तिथे फोनवर उघडली गेली. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात ह्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: माकड. माझी हरकत नव्हती. कित्येक वर्षांत एकमताने संमत झालेली ही पहिली नोंद.

संध्याकाळी तिथेच केचक नावाचा नाच बघायला बसलो. वाद्य एकही नाही, कमरेला चौकडीची कापडं गुंडाळलेले पुरुष गोल करून 'चाक चाक चाक' असा ठेका धरतात आणि मध्ये रामायण चालतं. सीताहरण झालं, सूर्य बुडाला, आणि पांढऱ्या केसाळ वेषातला हनुमान उडी मारून आला. तो पेटवलेल्या आगीतून सुटला आणि सरळ प्रेक्षकांत घुसला. कोणाच्या मांडीवर बस, कोणाची टोपी उचल. लोक टाळ्या वाजवत होते. हे दोन्ही हातांनी वाकडा चष्मा धरून ताठ बसलेले.

"अहो, टाळ्या वाजवा. मारुती आहे, आज शनिवार आहे."

"चष्मा धरू की टाळ्या वाजवू?"

"द्या इकडे, मी पर्समध्ये ठेवते."

हनुमान आमच्या खालच्या पायरीपर्यंत आला होता. ह्यांनी चष्म्यावरची पकड घट्ट केली आणि त्याच्यावरची नजर न काढता मला विचारलं, "आणि तुझी पर्स गेली तर? रकान्यात कोणाचं नाव लिहायचं?"