‘ओपन सायन्स हे ग्रंथपालाचं काम नव्हे’, असं म्हणणाऱ्यांना

संशोधनाचे पेपर आणि त्यांमागचा डेटा सर्वांसाठी खुला ठेवणं म्हणजे ओपन सायन्स. त्याबद्दल प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून एक मत फिरतं. थोडक्यात असं: ओपन सायन्स म्हणजे पैसे भरून पेपर छापणं, डेटा खुला केला की दुसरा पळवतो, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकं वाचायला देणारी सरकारी योजना आल्यावर गरजच संपली, आणि ग्रंथपालाला विषयातलं काय कळतं? गोव्यातल्या स्टाफरूममध्येही हाच सूर लागतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पैशांचं आधी. दोन-तीन हजार डॉलर मागणारी नियतकालिकं आहेत, नाकारत नाही. पण तो एक मार्ग झाला. समीक्षकांच्या दुरुस्त्यांसह स्वीकारली गेलेली आपली वर्ड फाइल संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात ठेवायला बहुतेक मोठे प्रकाशक परवानगी देतात. बहुधा १२ ते २४ महिने थांबावं लागतं, पैसे मात्र पडत नाहीत. गोची अशी, की तोवर लॅपटॉप बदललेला असतो आणि ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरं’ यांतली नेमकी कुठली, हे लेखकालाच आठवत नाही. म्हणून स्वीकृतीची मेल आली त्याच आठवड्यात ग्रंथपालाने फाइल मागून घ्यावी, मुदत नोंदवून ठेवावी आणि दिवस भरले की खुली करावी. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा असा संग्रह कित्येक वर्षं चालू आहे.

डेटाची चोरी? जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो फ्लोट, म्हणजे पाण्यात तरंगती स्वयंचलित यंत्रं, तापमान आणि क्षारता मोजतात. बहुतेक आकडे २४ तासांत सर्वांसाठी खुले होतात. भारतही त्यात आहे. झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहात डेटा ठेवला की तारखेसह डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो, म्हणजे आकडे आधी कोणाचे याचा पुरावाच. पेपर येईपर्यंत फाइल बंद ठेवायचीही सोय आहे. काही गोष्टी तर खुल्या करूच नयेत: मोले-नेत्रावळीच्या रानातल्या दुर्मीळ आमरीच्या फुलझाडाचा नेमका पत्ता जाहीर करणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. काय उघडायचं आणि काय झाकायचं, हे ठरवायलाही कोणीतरी जाणकार लागतोच.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ चांगलीच योजना आहे: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी संस्थांतल्या लोकांना वाचायला देते. खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या खालच्या शेतजमिनीचे, बांध आणि मानशी (पाण्याची दारं) सांभाळणाऱ्या कूळ संघटनेला स्वतःच्याच खाजनावरचा पेपर वाचायचा असेल, तर तिला या योजनेचा उपयोग नाही.

राहिला ग्रंथपाल. इथे टीकाकारांचं थोडं खरं आहे. समई पेटवायची, पाहुण्यांनी ‘मुक्त ज्ञाना’वर तासभर बोलायचं, शेवटी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट, अशा कार्यशाळांनी कोणी वळत नाही. पण ज्याला टाळता येत नाही असं एक काम ग्रंथालयाकडे बऱ्याच ठिकाणी आहेच: प्रबंधाची साम्य-तपासणी, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे पाहणं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांमुळे पीएचडीचा उमेदवार त्यासाठी येतो, आणि त्या दिवशी तो काहीही ऐकायला तयार असतो. तेव्हाच ऑर्किड (ORCID, संशोधकाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) काढून द्यावा, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, जाणारच आहे हे सांगावं आणि डेटाची एक्सेल शीट उघडायला लावावी.

समजा, शीट मांडवीच्या क्षारतेची आहे. स्तंभाचं नाव ‘एस १’. हे स्टेशन की सॅम्पल? रिकामा चौकोन म्हणजे मोजलं नाही की शून्य? नमुना भरतीला घेतला की ओहोटीला? हे विचारायला समुद्रविज्ञानाची पदवी लागत नाही. उलट बाहेरच्या माणसालाच हे प्रश्न सुचतात, आतल्याला सगळं ठाऊक असतं. उत्तरं एका साध्या टेक्स्ट फाइलीत उतरवली की अर्धं काम झालं. त्याच विद्यार्थ्याचे मार्गदर्शक पुढच्या खेपेला जुनी शीट घेऊन स्वतः येतात, कारण त्यांनाही ‘एस १’ आठवत नसतो.

मात्र यासाठी ग्रंथालयात माणूस हवा. निवृत्त झालेल्याची जागा रिकामी ठेवायची आणि उरलेल्याला देवघेवीच्या काउंटरवर बसवायचं, असं असेल तर हे काम होणार नाही. गटावर भांडायचंच असेल तर त्या रिकाम्या जागांवरून भांडा.