प्रोब फेल झाला की कर्नल सगळं आवरतं? अजिबात नाही

लिनक्स ड्रायव्हर शिकणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय: एरर पाथ (चूक झाली तर घेतलेलं परत करणारा कोड) लिहीत बसू नका, प्रोब (डिव्हाइस सुरू करणारं ड्रायव्हरचं फंक्शन) फेल झाला की कर्नल रिमूव्ह (डिव्हाइस सोडताना आवरणारं फंक्शन) चालवतं, उरलेलं डेव्हएम (घेतलेल्या गोष्टींची यादी ठेवून त्या आपोआप सोडवणारी कर्नलची सोय) सांभाळतं, आणि सुटलंच तर दोन-चारशे बाइट मेमरी. काल तो माझ्या धाकट्या भावाकडे पोचला आणि त्याने पॅचमधली तीन गोटू लेबलं, म्हणजे चूक झाल्यावर उडी मारून आवराआवरीला जायच्या जागा, उडवली. आता गप्प बसवत नाही.

रिमूव्हचा दावा साफ खोटा आहे. प्रोबने शून्य परत केलं, डिव्हाइस ड्रायव्हरशी जोडलं गेलं, तरच पुढे कधीतरी रिमूव्ह चालतं. प्रोब फेल झाला तर कर्नल फक्त डेव्हएमच्या यादीतलं सोडवतं. बाकीचं तुम्हीच निस्तरायचं.

नेहमीचाच क्रम घ्या. रिक्वेस्ट-मेम-रीजनने डिव्हाइसच्या रजिस्टरांचा पत्ता राखला, त्याचं क्लॉक चालू केलं, मग रेग्युलेटर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, मागितला. त्याचा ड्रायव्हर अजून आलेला नाही, म्हणून उणे 517 मिळालं, म्हणजे प्रोब डिफर, 'नंतर पुन्हा बघा'. तुम्ही तिथूनच रिटर्न केलंत. थोड्या वेळाने कर्नल तोच प्रोब पुन्हा चालवतं, आणि आता पहिल्याच पायरीला उणे 16, बिझी! जागा मघाशी तुम्हीच अडवली होती. उणे 16 आलं की कर्नल पुन्हा प्रयत्न करत नाही. रेग्युलेटर येऊन बसतो, डिव्हाइस मात्र रीबूटपर्यंत उठत नाही. लॉगमध्ये 16 पाहून माणूस दुसरा कुठला ड्रायव्हर आड येतोय ते शोधत बसतो. प्रॉकमधली आयओमेम फाइल (कुठला पत्ता कोणी राखला त्याची यादी) उघडा: त्या पत्त्यापुढे तुमच्याच ड्रायव्हरचं नाव असतं. क्लॉकचा एनेबल काउंटही (ते किती वेळा चालू केलंय तो आकडा) चढलेलाच राहतो, म्हणजे वापर नसताना वीज जाते.

डेव्हएमबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. 2007 साली 2.6.21 मध्ये ते आलं तेव्हापासून पुष्कळ लेबलं खरंच कमी झाली. पण डेव्हएमने क्लॉक 'मिळवलं' आणि साध्या प्रिपेअर-एनेबलने चालू केलं, तर बंद तुम्हालाच करावं लागतं. त्यासाठी डेव्हएम-क्लॉक-गेट-एनेबल्ड वापरा, किंवा ॲड-ॲक्शन-ऑर-रीसेटने बंद करणारं फंक्शन यादीत घाला. डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन, त्यातल्या नोडचा रेफरन्स ओएफ-नोड-पुटनेच सुटतो. चाइल्ड नोडांच्या लूपमधून मध्येच बाहेर पडताना तो हमखास राहतो. डिव्हाइसला जागं करणारं पीएम-रनटाइम-गेट-सिंक तर फेल झालं तरी वापराचा काउंट वाढवून ठेवतं. 5.10 पासून रिझ्यूम-अँड-गेट आहे, ते घ्या.

बाइटांचं काय सांगायचं! केमॅलॉकने, म्हणजे कर्नलच्या साध्या मेमरी-फंक्शनने, घेतलेली मेमरी मॉड्यूल काढलं तरी परत येत नाही.

गोटू म्हणजे घाण कोड, असंही त्या संदेशात होतं. कर्नलच्या स्वतःच्या कोडिंग-स्टाइल दस्तऐवजातला सातवा विभाग याच कामासाठी गोटू वापरायला सांगतो, आणि लेबलाचं नाव ते काय सोडवतं त्यावरून ठेवायला सांगतो. सगळ्या चुकांना एकच 'एरर' लेबल दिलं तर न घेतलेलंही सोडवलं जातं, हा धोकाही तिथे उदाहरणासकट आहे. घेतलं त्याच्या उलट्या क्रमाने सोडवा.

तपासायला एकेका पायरीचं उत्तर मुद्दाम उणे 12 (मेमरी नाही) करा आणि सिसएफएसच्या बाइंड फाइलमधून (तिच्यात डिव्हाइसचं नाव लिहिलं की प्रोब चालतो) प्रोब दहादा चालवा. दर खेपेला आयओमेम आणि क्लॉक-समरी (सगळ्या क्लॉकांच्या काउंटची फाइल) बघा. केमेमलीक, म्हणजे कर्नलचं गळकी मेमरी शोधणारं साधन, स्वच्छ आलं म्हणून थांबू नका. त्याला फक्त मेमरी दिसते, चालू राहिलेलं क्लॉक दिसत नाही.